सातवी मूठ

१

"देवपूर यंत्रशाळेतून आजवर खिळासुद्धा चोरीला गेलेला नाही," हे वाक्य वच्छलाबाई आल्यागेल्याला ऐकवत असत. इंजिन बघायला आलेला जिनिंगवाला असो, पोरांना देवी टोचायला आलेला डॉक्टर असो, की हळदीकुंकवाच्या बायका असोत, त्यातून कोणाची सुटका नव्हती. धुळ्याला पांझरा नदीपलीकडे, देवपुरात, एका कडुनिंबाखाली त्यांचे यजमान गिरधर आबा उसाचे चरक दुरुस्त करायला बसले, तिथून हा कारखाना उभा राहिला होता. आता तिथं लोखंड ओतण्याची भट्टी होती, पंप आणि तेलाची इंजिनं होती, आवारातच कामगारांची चाळ होती. चाळीतल्या बायकापोरांचं दूध, औषध, शाळा हे सगळं वच्छलाबाईंकडे असे. कामगार त्याला हसून 'अक्कांचं खातं' म्हणत, आणि अक्कांना ते नाव मनापासून आवडे.

१९३६ सालच्या श्रावणात, कानबाई या खानदेशच्या देवीच्या सणाची सुट्टी संपवून कारखाना मंगळवारी उघडला, आणि त्या वाक्याची वाट लागली.

चिंधा मिस्त्रीनं फर्म्याच्या खोलीचं कुलूप काढलं, फळीवरचं फडकं उचललं आणि तो मटकन खाली बसला. फर्मा म्हणजे लोखंडात जे ओतायचं त्याची सागवानी प्रतिकृती. ती वाळूत दाबायची, वाळूत उमटलेल्या पोकळीत तापलेलं लोखंड ओतायचं. फर्मा गेला तर कारखान्याचे हातच गेले. आणि हा साधासुधा फर्मा नव्हता. यंत्रशाळा दरसाल एका गावाला फुकट पंप बसवून देई, त्याला 'गावपंप' म्हणत. यंदा पाळी होती सातपुड्याच्या पायथ्याच्या मोहपाड्याची. तिथल्या खोल विहिरीतून पाणी वर फेकेल असा नव्या घडणीचा पंखा आबांनी काढला होता आणि चिंधानं सबंध उन्हाळा खपून त्याचा फर्मा कोरला होता. पोळपाटासारखे दोन गोल पाट होते, एकावर एक बसणारे. खालच्या पाटावर पंख्याची वळणदार पाती होती.

आता फडक्याखाली होता एका जुन्या पट्ट्याच्या चाकाचा मोडका फर्मा.

आबांचा पुतण्या धनसिंग पुण्याहून इंजिनिअर होऊन आला होता आणि त्याचा आवाज मुळातच मोठा होता. तो म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी खोलीला कुलूप कोणी लावलं?"

"मी," चिंधा म्हणाला.

"आज कोणी काढलं?"

"मीच."

"कुलूप फुटलेलं नाही. मग आणखी कोणाला विचारायचं?"

चिंधानं वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. "अक्का, मी आठे बारा वरीसपाईन शे. मना हातना फर्मा मीच कसाले चोरसू?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि ते हळूच म्हणाले, "शुक्रवारी ओतकाम आहे. तोवर फर्मा मिळाला तर ठीक. नाही तर धनसिंग, तू फौजदाराला बोलाव."

२

दुपारी घरी आबा दुधात रोट कुस्करत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जेवणाऱ्या माणसाचा आनंद मुळीच नव्हता.

"अजून किती राहिलाय हा?"

"पौर्णिमेच्या आत संपवायचाय. खा मुकाट्यानं," वच्छलाबाई म्हणाल्या.

कानबाई बसवायची म्हणजे घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ धान्य काढायचं, दळायचं आणि त्याचे जाड रोट करायचे. मग देवी पांझरेत शिरवून, म्हणजे विसर्जन करून, आलं की ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याला तुकडा द्यायचा नाही, कण टाकायचा नाही. देवीचा सण दोन दिवसांत आटोपतो, रोट मात्र पुरून उरतो. फाटकावरचा राखणदार मंगा निरोप घेऊन आला तेव्हा अक्कांनी त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले.

"आबा खातात ते काय आहे?" मंगानं आशेनं विचारलं.

"ते सोडून काहीही माग," अक्का म्हणाल्या. "आणि मला सांग, शनिवारी फाटकातून बाहेर काय काय गेलं?"

मंगा मोहपाड्याचाच. त्याची आई गुंताबाई आजही नाल्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरत होती, त्यामुळे फर्मा गेल्याचं दुःख त्याला आबांच्या खालोखाल होतं. त्यानं छाती काढून सांगितलं, "अक्का, मी प्रत्येकाची पिशवी बघतो. धनसिंग साहेबांचीसुद्धा बघतो, ते चिडतात तरी. रिकामे डबे गेले, माणसं गेली. अंमळनेरच्या जीवराम शेटचं दुरुस्त झालेलं इंजिन बैलगाडीतून गेलं. दुसरं काही नाही. सुट्टीत माणसं आली-गेली ती रिकाम्या हातांनी."

"ठीक आहे. जा तू."

मंगा गेल्यावर धनसिंग आत आला. "काकू, चाळीतल्या सगळ्या खोल्यांची झडती घेऊ या. चिंधाच्या खोलीपासून सुरू करू."

वच्छलाबाई ताडकन उठल्या. "माझ्या चाळीत झडती? ज्या बायका आपली पोरं माझ्या भरवशावर टाकून शेतावर जातात, त्यांची गाठोडी सोडायची? हे होणार नाही. आणि तू इंजिनिअर आहेस ना, मग मला एवढं सांग. चोरानं फडक्याखाली मोडका फर्मा का ठेवला?"

"जागा रिकामी दिसू नये म्हणून."

"कोणाला दिसू नये? सुट्टीत खोलीला कुलूप होतं, आत बघणारं कोणी नव्हतं. मंगळवारी फडकं उचललं की उघडं पडणारच होतं. म्हणजे फसवायचं होतं ते शनिवारी, कुलूप लावण्याआधी, फळीकडे सहज नजर टाकणाऱ्याला. तो कोण?"

धनसिंग म्हणाला, "चिंधा."

"चिंधा स्वतःला फसवायला मोडका फर्मा ठेवील का? त्याची बायको झुंबरबाई दळण मांडून वाट बघत होती, तो घाईत होता. फडक्याखाली गोल काहीतरी दिसलं, त्यानं कुलूप लावलं आणि निघाला. फर्मा त्याआधीच गेला होता, शनिवारी दिवसाउजेडी, सगळे कामात असताना."

धनसिंगनं आधी आ वासला आणि मग मान्य असल्यासारखी मान हलवली. वच्छलाबाईंना मात्र आनंद झाला नाही. चिंधा सुटला, पण त्याच्या जागी कोणाला बसवायचं? दिवसा त्या खोलीत मोकळेपणानं जाणारे आणखी दोघेच होते. एक कोठाराचा कारभार बघणारा अभिमन, आणि दुसरा त्यांच्यासमोर उभा होता.

"धनसिंग," त्या म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात तू जीवराम शेटच्या मुनिमाबरोबर हॉटेलात काय करत होतास?"

३

धनसिंगचा चेहरा लाल झाला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चाळीत पोरं पुष्कळ आहेत आणि सगळी माझ्याकडे दूध पितात."

"मुनीम आला होता गावपंपाचा फर्मा विकत मागायला," तो म्हणाला. "शेटची अंमळनेरला स्वतःची भट्टी आहे. पंप ओतायचे आणि गावोगाव दामदुप्पट किमतीला विकायचे, असा बेत. मला भागीदारी देत होते. मी फुकट पंपांच्या विरुद्ध बोलतो ना, म्हणून त्यांना वाटलं, हा फुटेल."

"मग?"

"मी म्हणालो, आमच्यात काय भांडायचं ते आम्ही भांडू. गावपंप विकायला नाही. आणि चहाचे पैसे मीच दिले." शेवटचं वाक्य त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. "आबांना सांगितलं नाही, कारण आबा त्यांची गिऱ्हाइकीच तोडून टाकतील. जुनं गिऱ्हाईक आहे."

वच्छलाबाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पोरगा आपल्यातलाच निघाला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मनातली एक गाठ सुटली. दुसरी लगेच बसली. जीवराम शेटला फर्मा हवा होता, आणि शनिवारी शेटचंच इंजिन बाहेर गेलं होतं. इंजिन पेंढ्यात घालून लाकडी खोक्यात खिळ्यांनी बंद करून जातं. मंगा पिशव्या उघडतो, खोकी उघडत नाही. आणि खोकी भरायचं काम अभिमनचं.

पण अभिमन?

तीन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा अंगावर धड सदरा नव्हता. आईबाप साथीत गेले, मागंपुढं कोणी नाही, असं त्यानं सांगितलं होतं. वच्छलाबाईंनीच त्याला चाळीत खोली दिली होती. तो खानावळीत जेवायचा. सणासुदीला सगळे आपापल्या गावी गेले की तो एकटा खोलीत पडून राही आणि अक्का त्याला डबा पाठवत. परवाच्या कानबाईलाही मंगानं त्याच्या दाराच्या कडीला डबा अडकवला होता. आज सकाळी तो डबा घासूनपुसून परत आला होता. "अक्का, तुम्ही आहात म्हणून सण कळतो," असं अभिमन म्हणाला होता आणि अक्कांचा ऊर भरून आला होता.

असा माणूस आपल्याशी खोटं बोलेल, हे त्यांच्या मनाला पटेना.

४

बुधवारी वच्छलाबाईंची चाळीतली फेरी असे. कोणाच्या पोराला खोकला आहे, कोणाचं छप्पर गळतंय, बाळंतिणीला तूप पोचलं का, हे बघत त्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात. चाळीत कोणाच्या दाराला कुलूप नसायचं, अक्का हाक मारून आत शिरत.

झुंबरबाईनं चूल पेटवली नव्हती. चिंधा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "कालपासून पाणीसुद्धा घेतलं नाही," ती म्हणाली. "चाळीतले लोक काही बोलत नाहीत, पण बोलतच नाहीत ना, अक्का." अक्कांनी स्वतः चूल पेटवली, भाकरी होईपर्यंत तिथंच बसल्या आणि चिंधाला उठवून समोर जेवायला लावलं. "तू चोर नाहीस, हे मला कळलंय," त्या म्हणाल्या. "कोण आहे ते कळलं की सगळ्यांसमोर सांगेन."

शेवटची खोली अभिमनची. तो कामावर होता. छप्पर गळत होतंच, कोपऱ्यात ओल आली होती. खोलीत एक खाट, एक पेटी, दोरीवर दोन सदरे. भिंतीशी पालथा घातलेला एक पोळपाट होता, लाल फडक्यात नीट गुंडाळलेला. त्यावर पाण्यानं भरलेली थाळी, आणि थाळीत मधोमध पितळी डबा. मुंग्या लागू नयेत म्हणून चाळीतल्या सगळ्याच बायका खाण्याचा डबा असा पाण्यात ठेवत. एकट्या पुरुषाच्या घरात एवढी टापटीप बघून अक्कांना कौतुक वाटलं. काही खराब तर झालं नाही ना, म्हणून त्यांनी झाकण उघडलं.

आत कानबाईचा रोट होता. जाड, कडक, तीनचतुर्थांश उरलेला.

अक्का खाटेच्या कडेवर बसल्या. हा रोट कुठून आला? चाळीतल्या कोणी दिला म्हणावं, तर भूक लागून समोर माणूस कोसळला तरी त्याला रोट कोणी देत नाही, दुसरं काहीही देतील. बाजारात तो मिळत नाही. एकटा माणूस स्वतःसाठी कानबाई बसवत नाही. म्हणजे कानबाईला अभिमन या खोलीत नव्हताच. तो कुठल्यातरी घरी, आपल्या भाऊबंदांच्या पंगतीत बसला होता. आणि ज्यानं तीन वर्षं आपली माणसं जगापासून लपवली, त्याला हा तुकडा फेकून देता आला नव्हता. फेकायचा तरी कसा? कानबाईचा रोट होता तो.

शनिवारचं खोकं ज्या घरी गेलं, तिथूनच तर हा रोट आला नसेल? त्यांनी झाकण होतं तसं लावलं. "धनसिंग," बाहेर येऊन कारखान्यात त्याला गाठून त्या म्हणाल्या, "उद्या मोटार काढ. मला अंमळनेरला जायचंय."

५

अंमळनेरला जीवराम शेटनं त्यांचं स्वागत अगदी पायघड्या घालून केलं. इंजिन काय सुरेख चालतंय, आबांची तब्येत कशी आहे, चहा घ्या, फराळ घ्या. फर्मा चोरीला गेल्याचं ऐकून त्यानं इतकं दुःख केलं की धनसिंगला ते जास्तच वाटलं. धनसिंगला बैठकीत सोडून वच्छलाबाई आत गेल्या. बाहेरच्या खोलीत पुरुष काय बोलतात यापेक्षा आत बायका काय बोलतात यावर त्यांचा अधिक विश्वास होता.

शेटची बायको प्रमिलाबाई गुटगुटीत, बोलघेवडी आणि आपल्या घराचा फार अभिमान असलेली बाई होती. दोघींचं जमायला वेळ लागला नाही.

"तुमची कानबाई म्हणे गावात पहिली असते," अक्का म्हणाल्या.

"असते म्हणजे! नथ बघाल तर बघत राहाल. रोट तर इतका झाला की अजून संपत नाही. सात मुठींचा रोट, अक्का. सात पुरुषांचं घर आहे आमचं."

"भरलं घर आहे. कोण कोण हो?"

प्रमिलाबाई कौतुकानं बोटं मोजू लागल्या. सासरे झुलाल नाना, चुलतसासरे, शेट, मधले दीर, आणि आपली दोन मुलं. सहावं बोट मुडपलं आणि सातवं तसंच वर राहिलं. त्या त्या बोटाकडे बघत राहिल्या.

"सातवी मूठ कोणाची?" अक्कांनी अगदी सहज विचारलं.

"मी... मोजताना चुकले असेन. सहाच."

"कानबाईच्या मुठी मोजताना घरची लक्ष्मी चुकत नाही, प्रमिलाबाई. मेलेल्याच्या नावानं मूठ काढत नाहीत. आणि जिवंत माणसाची मूठ चुकवायला कोणाचा हात धजत नाही. कोण आहे सातवा?"

प्रमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "धाकटे दीर. ते रंगूनला असतात."

"रंगूनला मूठ पोचते, रोट पोचत नाही. माझ्या चाळीत पोचलाय."

मागच्या पडवीतून काठीचा आवाज आला. झुलाल नाना दारात उभे होते. पांढऱ्या मिशा, डोक्याला जुनं पागोटं, आणि चेहऱ्यावर निव्वळ आनंद.

"देवपूरना अक्का का तुम्ही?" ते म्हणाले. "मना धाकला तुमनाकडेच शे ना? बठ्ठासले रंगून सांगतस, मिस्त्री व्हवापावत नाव काढू नका म्हणतस. पण मी सूनले सांगं, जित्ता आंडोरले, पोटना पोऱ्याले, मूठना बाहेर ठेवता येत नही. कानबाईले उना, रोट खादा, मीच बांधी दिधा. कसा शे तो? काम चांगलं करस ना?"

या म्हाताऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. आपला मुलगा मोठ्या कारखान्यात कारागीर होतोय, एवढ्यावर तो खूश होता.

"नाना, जरा माझ्याबरोबर बाहेर चला," त्या म्हणाल्या.

बैठकीत जीवराम शेट हसत उठला, आणि बापाला अक्कांबरोबर पाहून ते हसू तिथंच थांबलं.

"शेट," वच्छलाबाई म्हणाल्या, "आमच्याकडून आलेल्या खोक्यात इंजिनाबरोबर आणखी काय आलं?"

"खोक्यात? काही नाही. पेंढा."

"जीवराम," झुलाल नाना म्हणाले, "अक्का काय पुसतस?"

आतापर्यंत शेटनं खोटं बोलायला कमी केलं नव्हतं. पण बाप समोर काठीवर हात टेकून उत्तराची वाट बघत होता. शेट आत गेला आणि सागवानी पाट घेऊन आला. नव्या लाकडाचा, गुळगुळीत, चिंधाच्या हातचा.

धनसिंगनं झडप घालून तो घेतला, उलटासुलटा केला आणि त्याचा चेहरा उतरला. "काकू, हा वरचा पाट आहे. पातीवाला कुठंय?"

"आलाच नाही," शेट चडफडला. "दोन्ही पाठव म्हटलं होतं. कानबाईला हात हलवत आला. विचारलं तर मान खाली घालून रोट खात बसला."

पातीवाला पाट नसेल तर नुसत्या वरच्याचा काही उपयोग नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. धनसिंग डोक्याला हात लावून बसला. वच्छलाबाई मात्र हातातल्या त्या गोल पाटाकडे बघत होत्या. पोळपाटाएवढा. अगदी पोळपाटासारखा.

अभिमन खानावळीत जेवत असे. त्याच्या खोलीत चूल नव्हती, तवा नव्हता, लाटणंही नव्हतं.

"चला," त्या एकदम म्हणाल्या, "दुसरा पाट मी काल पाहिलाय. नाना, तुम्ही आमच्या मोटारीत बसा. आणि शेट, हा तुमच्याकडेच ठेवा. उद्या सकाळी तुम्ही स्वतः तो आमच्या फाटकातून आत आणायचा. तुमची इंजिनं आम्ही पुढंही दुरुस्त करू, आमचं काम तसं आहे. पण जे आमच्या दारातून लपून गेलं, ते तुमच्या हातांनी, सगळ्यांच्या देखत परत यायला हवं."

६

वाटेत वच्छलाबाईंनी नानांना सगळं सांगितलं. ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले.

शुक्रवारी सकाळी भट्टी पेटली. अभिमनच्या खोलीत वच्छलाबाई आल्या, त्यांच्यामागून आबा, आणि सर्वांत शेवटी झुलाल नाना. बापाला बघून अभिमन खाटेवरून उठला तो उभाच राहिला. अक्कांनी रोटाचा डबा उचलून बाजूला ठेवला, पाण्याची थाळी उचलली, आणि लाल फडकं सोडलं. पातीवाला पाट कोरडा, स्वच्छ होता. त्याच्या काठावर चिंधानं पेन्सिलीनं 'मोहपाडा' लिहिलं होतं.

"मला दादानं पाठवलं ते यासाठीच," अभिमन म्हणाला. "काम शिक, विश्वास बसला की जे हवं ते घेऊन ये, म्हणाला. वरचा पाट मी खोक्यात घातला. दुसरा उचलला तेव्हा हे नाव दिसलं. मंगाची आई डोळ्यांपुढं आली. हात पुढं जाईना. परत फळीवर ठेवायला गेलो, तर चिंधाभाऊ कुलूप लावून निघून गेले होते."

"आणि मंगळवारी? मंगळवारी तोंड होतं ना तुला?" वच्छलाबाईंचा आवाज चढला. "चोरी मी एक वेळ विसरेन. माझे डबे खाऊन मला फसवलंस, तेही विसरेन. पण चिंधा तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि तू शेजारच्या खोलीत झोपत होतास. हे मी कसं विसरू?"

नानांनी त्याला हात लावला नाही. "त्या मिस्त्रीना पाय धर पहिले," एवढंच ते म्हणाले.

भट्टीसमोर सगळा कारखाना जमला होता. चाळीतल्या बायकाही पोरं काखेला घेऊन आल्या होत्या. फाटकाशी थोडा गोंधळ ऐकू आला. जीवराम शेट कापडात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आला होता आणि मंगा त्याला आत सोडत नव्हता. "आधी उघडा," मंगा म्हणत होता. "खोकं असो, गाठोडं असो, आता उघडल्याशिवाय काही जात-येत नाही." शेटनं सगळ्यांदेखत गाठोडं उघडलं, तेव्हा मंगानं त्याला आत घेतलं.

वच्छलाबाई पुढं झाल्या. "मी बुधवारी शब्द दिला होता," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "चिंधानं चोरी केली नाही. त्याच्यावर संशय घेतला ती आमची चूक." धनसिंग न सांगता पुढं आला आणि त्यानं चिंधासमोर हात जोडले. पुण्याचा इंजिनिअर वाकलेला बघून झुंबरबाईला रडू आवरेना.

मग अभिमननं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं आणि तो चिंधाच्या पायाशी बसला. फौजदाराचं नाव कोणीतरी घेतलंच. आबा म्हणाले, "फर्मा चिंधाचा, अब्रूही चिंधाची. तो सांगेल ते होईल."

चिंधानं शेटच्या हातून एक पाट घेतला, अक्कांच्या हातून दुसरा. दोन्ही काठांवरून अंगठा फिरवला. मग एकावर एक ठेवून दाबले. आतले खुंट खळग्यांत बसल्याचा बारीकसा आवाज झाला आणि फर्मा एकसंध झाला. आबांनी मोठ्यानं श्वास सोडला.

"धाडाना तो बिनकामना पाट धाडा," चिंधा सावकाश म्हणाला, "आनि पातीवाला जपी ठेवा. पानी लागू दिधं नही, पोचा पडू दिधा नही. काम काय ऱ्हास ते याले समजस." तो अभिमनकडे बघून थांबला. "कोठारन्या चाव्या याले देवू नका, आबा. मनाजोडे वाळूमा बठाडा. पहिला साचा यानाच हातना, मोहपाडाना. बिघडना ते मी दखसू."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण चाळीतल्या बायका आपसांत बोलू लागल्या, मोठमोठ्यानं, एकमेकींना ढकलत, जशा त्या मंगळवारपासून बोलल्या नव्हत्या. वच्छलाबाईंना ते ऐकून इतकं बरं वाटलं की त्या उगाचच एका पोराचं नाक पुसू लागल्या.

अभिमन वाळूत गुडघे टेकून बसला. चिंधा त्याचं मनगट धरून दाब किती द्यायचा ते दाखवत होता. फर्मा उचलला तेव्हा वाळूत पंख्याची सगळी पाती स्वच्छ उमटली होती. भट्टीचं तोंड उघडलं, लालभडक लोखंड वाहत आलं, आणि मंगा फाटक सोडून धावत आला. त्याला कोणी रागावलं नाही.

झुलाल नाना वच्छलाबाईंच्या शेजारी उभे होते. काल संध्याकाळपासून ताठ नसलेली त्यांची मान आता ताठ झाली होती. त्या उजेडात ते मुलाच्या पाठीकडे बघत राहिले.

"अक्का," ते म्हणाले, "मनी मूठ वाया नही गई."

"नाही गेली, नाना," वच्छलाबाई म्हणाल्या. "पण डब्यात रोट अजून पुष्कळ आहे. पौर्णिमेच्या आत बापलेकांनी बसून संपवा. मला काही त्यातला खाता यायचा नाही."